अवो

बसा हितं बाजंवर, पाय वर घ्या, आन मी सांगतो ती गोष्ट नीट आयका. एकल्या माणसाची हाय. पर आधीच सांगून ठिवतो, आमची सून दुपारची कादंबऱ्या वाचती मोठ्यानं, त्याच्यातल्यावानी न्हाई. त्याच्यात एक जण असतोय. गावापासून लांब राहतोय, दाढी वाढवतोय, कुणाशी बोलत न्हाई. मंग कळतं की त्याला कुणीतरी लय दुखवलेलं व्हतं, आन आतून तो निस्तं लोणी हाय. मंग एक बाई येती, त्या लोण्याला बोट लावती, की ते इरघळलं. सून पदरानं डोळे पुसती. मी म्हणतो, बाई, लोणी असतं तर आपल्या परभणीच्या उन्हात चैतातच इरघळलं असतं. बाई कशाला लागती?

आमचा मुंजाजी आतून बी बाभळच व्हता. साल काढा, बाभळ. आजून खरवडा, बाभळ. त्याला कुणी दगा दिला नव्हता, कुणी पोरगी सोडून गेली नव्हती. मायबाप चांगले व्हते, म्हातारे होऊन आपल्या मौतीनं गेले. त्याला माणसंच आवडायची न्हाईत, बास. कुणाला कारलं आवडत न्हाई, तसं.

चारठाण्याच्या अलीकडं, जिंतूरच्या रस्त्याला आमचं गाव. ओढ्याच्या पल्याड त्याचं शेत, शेतात हीर आन आखाडा. आखाडा म्हणजे काय, बैलाचा कोठा आन त्याच्याच एका कोपऱ्यात चूल. गावात घर व्हतं, ते त्यानं मुद्दाम पडू दिलं. म्हणायचा, "भिताडाला भिताड लागलं की लोकाचं खोकलणं ऐकावं लागतंय." पारावरून जायची पाळी आली तर मान खाली घालून न्हाई, चांगली वर करून जायचा, आन एकेकाकडं असं बघायचा की समोर शेणाचा पो पडलाय. आता खरं सांगायचं तर पारावर बसणारे तसेच व्हते. दिवसभर दिल्लीला अक्कल शिकवायची, आन घरी बायकोनं पाण्याचा तांब्या आपटून ठिवला तर मांजरावानी प्यायचं. त्याच्यामुळं मुंजाजीचं खोटं व्हतं असं मी म्हणत न्हाई. निस्तं खरं असून माणूस गोड व्हत न्हाई, येवढंच.

आमच्या भागात मुंजाजी ढिगानं. पोरं जगंनाशी झाली की मायबाप पिंपळाखालच्या मुंजाला नवस बोलतात, आन जगलं की त्याचंच नाव ठिवतात. आता मुंजा म्हणजे बिनलग्नाचं मेलेल्या पोराचं भूत. गाव म्हणायचं, नावच असलं, ह्याला पोरगी कोण देणार? ते झूट हाय. दोन जागी बोलणं झालं व्हतं. दोन्ही जागी ह्यानं व्हणाऱ्या सासऱ्याला तोंडावर सांगलं, "तुमी लय बोलता." तिसऱ्या जागी कुणी नेलंच न्हाई.

तर असा हा मुंजाजी चाळिशी वलांडून आपल्या मस्तीत व्हता. मंग बहात्तरचा दुष्काळ आला, आन त्याचा एक बैल गेला.

पुढच्या साली पाणी पडलं. समदे पेरणीला लागले, आन हा एका बैलाकडं बघत बसला. औत दोन बैलाचं. ज्याच्याकडं एकच असतो तो दुसऱ्या एकवाल्याशी सावड करतो. आज तुजं शेत, उद्या माजं. पर सावड करायची म्हणजे कुणाच्या तरी दारात जाऊन 'राम राम' म्हणावं लागतंय, त्याच्या घरचा कडू चहा प्यावा लागतोय, त्याच्या पोरीच्या लग्नाची बोलणी ऐकावी लागत्यात. मुंजाजी जायना. गाव वाट बघायला व्हतं, की बाभळ वाकती कवा. लोकाला पाण्यापेक्षा त्याचीच जास्त आस लागली व्हती.

आन एके दिवशी सकाळी बांधावरून हाक आली, "अवो!"

मुंजाजी काटे तोडायलता. त्यानं वर बघितलं न्हाई.

"अवो, तुमालाच म्हणायले."

बांधावर सरजाबाई उभी. हवालदाराच्या सितारामाची बायको. सिताराम दुष्काळात खडीच्या कामावर तापानं गेला. मागं पोर न्हाई, बाळ न्हाई. दीर आश्रुबा, म्हणजे सितारामाचा धाकटा भाऊ, त्यानं तिला वाटणी म्हणून मुंजाजीच्या शेताला लागून मुरमाची एक पट्टी दिली, आन शिंग मोडका एक बैल दिला. पट्टीत पाण्याचा टिपूस न्हाई. वर गावभर सांगत फिरला, "वैनीला उघड्यावर टाकली न्हाई मी." असला दानशूर.

"मला नाव हाय," मुंजाजी म्हणला.

"असंल. बैल किती हायेत?"

"दिसत न्हाई? एक."

"माजा बी एक हाय. तुमच्याकडं हीर हाय, मला न्हाई. सावड करता का?"

"मी कुणाशी सावड करत न्हाई."

"मंग काय जू सोता मानंवर घेता? घ्या. दुसऱ्या अंगाला बैल हायेच. जोडी शोभंल."

मुंजाजीला असं कुणी बोललं नव्हतं. लोकं माघारी बोलायची. त्यानं कोयता खाली ठिवला आन ह्या बाईत हसण्यासारखं काय हाय ते हुडकाय लागला. नाक जाड व्हतं. लुगडं धडूतं झालेलं. पाय फुटलेले. पर ती असल्या नजरेनं बघायलती की हा तिच्याकडं न्हाई, तीच ह्याच्यात खोट हुडकायली.

"बोलायचं न्हाई," तो म्हणला. "सणावाराला गोडधोड आणून दारात उभं राहायचं न्हाई. आन रडायचं न्हाई. बाया रडत्यात."

"रडाय मला टाईम कुठं हाय? पेरणी चाललीय."

अशी सावड झाली. मुंजाजी सोताला म्हणला, बैलाशी केलीय, बाईशी न्हाई.

आता ती 'बोलायचं न्हाई' ही अट. बाईनं पाळली न्हाई. पाळायसारखी नव्हतीच. "अवो, दोर सोडा." "अवो, तिफण उलटी धरलीय." पहिल्या दिवशी ह्यानं पेरलेल्या वळीकडं बघून म्हणली, "ह्याच्यावरून साप गेलाय का?" मुंजाजी दिवसभर फणफणला, आन दुसऱ्या दिवशी वळ सरळ काढली. तिच्यासाठी न्हाई, बरं का. तोंड बंद करायसाठी.

पर त्या 'अवो'नं त्याचं डोकं उठायचं. एक दिवस हिरीवर म्हणला, "बाई, माजं नाव मुंजाजी हाय. समदं गाव मुंज्या म्हणतंय. तू मुंजाजी म्हण, मुंजाभाऊ म्हण, काय बी म्हण. हे अवो-अवो काय लावलंय नवऱ्यावानी?"

सरजाबाईनं घागर खाली ठिवली. "मला ते नाव घेता येत न्हाई."

"का? तोंडात खडा धरलाय?"

"मामंजींचं नाव हाय."

"कुणाच्या मामंजीचं?"

"माज्या! सासऱ्याचं नाव सून घेती का? येवढं बी कळत न्हाई व्हय तुमाला?"

मुंजाजी हसला. म्हणजे हसल्यासारखा काहीतरी आवाज झाला, लय दिवस बंद असलेलं कवाड वाजावं तसा. "हवालदाराचं नाव मुंजाजी व्हतं?"

आता हे आमच्या गावातल्या निम्म्या लोकाला ठाऊक नव्हतं. तिचा सासरा निजामाच्या टायमाला कुठंतरी थोडे दिवस पोलिसात व्हता, आन तवापासून मरस्तोवर हवालदार. त्याला हवालदार म्हणूनच हाक, हवालदार म्हणूनच शिव्या, तिरडी उचलली तरी लोक म्हणायले, "हवालदार गेला." पर घरातल्या सुनेला पहिल्याच दिवशी सासू सांगती, हे नाव तोंडात घ्यायचं न्हाई. ते तिच्या जिभंवर कोरलं गेलं. आन म्हाताऱ्यानं तिला लेकीवानी वागवलं व्हतं. त्या घरात दोन पायाचं माणूस म्हणावं असं ते एकच.

"मेलाय ना तो?" मुंजाजी म्हणला.

"मेल्यावर सासरा माणसाचा भाऊ व्हतो का? सासराच राहतो."

मुंजाजीनं पोहरा हिरीत आपटला. तो म्हणला, "म्हण मंग अवो. घाल खड्ड्यात."

गावाला हे सांगायला पाहिजे व्हतं. एक दिवस पारावर उभा राहून, 'बाबांनो, ती बाई अवो का म्हणती ते असं-असं हाय,' येवढं म्हणला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पर मुंजाजीला वाटायचं, गावाला समजून सांगणं म्हणजे म्हशीला आरसा दाखवणं. त्यानं सांगलं न्हाई. त्याची ही मस्तीच त्याला नडली. का कामाला आली, ते तुमचं तुमी ठरवा.

एक साल गेलं. भाकरी कवा सुरू झाली ते दोघांलाबी आठवत न्हाई. एक दिवस तिनं हिरीच्या थारोळ्यावर फडक्यात भाकरी आन ठेचा ठिवला. मुंजाजी एक घास खाऊन म्हणला, "भाकरी हाय का चामडं?"

"तुमची व्हाण फाटलीय न्हवं? लावा तिला."

दुसऱ्या दिवशी परत ठिवली. ह्यानं परत नाव ठिवलं, आन समदी खाल्ली. तिसऱ्या दिवशी तिनं ठिवली न्हाई. संध्याकाळपस्तोर बैलाला, काट्याला, आभाळाला शिव्या घालून झाल्यावर हा बांधावर जाऊन उभा राहिला. "आज चामडं न्हाई का?"

"पीठ सरलंय."

मुंजाजीनं आखाड्यातून जवारीचं पायलीभर गाठोडं आणलं आन बांधावर आपटलं. "किडे पडायलेत हिला. जनावराला घालणारच व्हतो." जवारी चांगली टपोरी व्हती. सरजाबाईनं एक दाणा चावून बघितला, आन गाठोडं उचललं. ह्यालाच कादंबरीत काय म्हणत्यात मला ठाऊक न्हाई. आमच्याकडं ह्याला काहीच म्हणत न्हाईत.

मंग पंचमी आली. सरजाबाईचं माहेर गंगाखेडाकडं. भाऊ नव्हता, पर म्हातारी माय व्हती. ती यष्टीत बसून गेली, बैल ह्याच्याकडं सोडून. मुंजाजी म्हणला, "सुटलो बाबा." आता मोकळं रान, कुणी वळीला साप म्हणायचं न्हाई, कुणी तिफण उलटी म्हणायचं न्हाई. गप्प कापसात खुरपत बसला.

त्याच्या शेताच्या दुसऱ्या अंगाला नागनाथाचं रान. त्या दिवशी नागनाथाची बायको नर्मदाबाई भाकरी घिऊन आली आन बांधावरून तिनं आपल्या नवऱ्याला हाक मारली, "अवो!"

आन हिकडं कापसातून मुंजाजी उठला आन म्हणला, "आलो गं!"

आता बघा. भर दुपार, तिकडून नागनाथ उठलाय, हिकडून मुंजाजी उठलाय, मधी नर्मदाबाई टोपली घिऊन. मुंजाजीच्या तोंडाचा रंग उतरला, मंग चढला, आन मंग तो सावकाश खाली बसला, कापसाच्या झाडाच्या मागं. नागनाथ हसत हसत बांधावरच आडवा झाला. नर्मदाबाई म्हणली, "अगं माय! ह्याला तर 'अवो'ची सवय लागलीय!"

दिवस मावळायच्या आत गावात चुलीचुलीवर तेच. पारावरचे लोक एकमेकाला 'अवो' म्हणाय लागले आन 'आलो गं' म्हणून उठाय लागले. न्हाव्यानं हजामत अर्धी सोडून नक्कल करून दाखवली. आन मंग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. बाई नाव कुणाचं घेत न्हाई? नवऱ्याचं. सरजी मुंज्याचं नाव घेती का? न्हाई घेत. कुणी कवा ऐकलंय का? कुणीच न्हाई. मंग झालं की!

आश्रुबाला हे कळलं, आन त्याला आनंदानं झोप लागंना. कारण आमच्याकडं चाल अशी, की इधवा बाई दुसऱ्याच्या घरात गेली, की पहिल्या नवऱ्याच्या रानावरचा तिचा हात उठला. मुरमाची का व्हईना, पट्टी माघारी यायची. आन त्याच्या बापाचं नाव काय व्हतं हे गाव विसरलं असंल, तो कसा विसरंल? त्याला पक्कं ठाऊक व्हतं ती बाई 'अवो' का म्हणती. त्यानं ते गिळलं आन पंचातल्या आबासाहेबाकडं गेला, रडत.

आबासाहेबाला न्याय करायचा लय शौक. सोताच्या घरात त्याचं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून चावडीवर बसायचा. त्यानं सांगलं, सरजाबाई माहेराहून आली की दुसऱ्या दिवशी सकाळी समद्यांनी यायचं.

सरजाबाई यष्टीतून उतरली तवाच तिला कळलं. ती नीट आखाड्यावर आली. "अवो, उद्या चावडीवर बोलवलंय."

"मला ठाऊक न्हाई. मी त्या बैलबाजारात पाय ठिवत न्हाई."

"पट्टी काढून घ्यायचं म्हणायलेत. पट्टी गेली तर मी हितं कशावर राहू? मायकडं जावं लागंल."

"जा की."

ती कोठ्यात गेली. मंग बैलाचं दावं सोडलं आन म्हणली, "तुमी आलात तर आलात. न्हाई आलात तर बसा हितं काट्याकडं बघत." आन गेली.

मुंजाजीला राग आला. कशाचा आला ते कळंना, म्हणून जास्त आला. गेली तर बरंच हाय, त्यानं सोताला सांगलं. डोक्याची कटकट जाईल. बैल एक राहील, मंग एका बैलानं... आन तिथं त्याचा इचार अडला, आन त्याला वाटलं की बैलासाठीच अडलाय. माणूस सोताला किती येडं बनवतो बघा. ह्या बाबतीत तो गावापेक्षा शहाणा नव्हता.

सकाळी चावडीपुढं समदा गाव. ओट्यावर आबासाहेब, फेटा बांधून. खाली आश्रुबा, डोळे ओले करून. बाया एका अंगाला. सरजाबाई मधी, पदर घट्ट. आन मागून मुंजाजी आला. किती वर्षानं तो चावडीवर आला व्हता कुणास ठाऊक. लोक असे बाजूला झाले की वळू आलाय. कुणीतरी मागून बारीक आवाजात म्हणलं, "अवो..." आन हशा पिकला.

मुंजाजी म्हणला, "हसा. दात हायेत तवर हसून घ्या. कामाला तर लावत न्हाईच त्यांला."

आश्रुबा पुढं झाला. "आबासाहेब, मला वैनीवर आळ घ्यायचा न्हाई. मायवानी हाय ती मला. माजं येवढंच म्हणणं, तिनं चौघात ह्याचं नाव घ्यावं. एकदा. घेतलं की पट्टी तिची, मी तिच्या पाया पडतो. न्हाई घेतलं, तर नाव कुणाचं घेत न्हाईत ते समद्यांला ठाऊक हाय."

"बरोबर हाय," आबासाहेब म्हणला. त्याला समदंच बरोबर वाटायचं, जो शेवटी बोलला त्याचं. "घे गं नाव, सरजाबाई. त्यात काय?"

सरजाबाईनं दिराकडं बघितलं. "मला ते नाव घेता येत न्हाई. का येत न्हाई, ते भावजीला ठाऊक हाय."

"मला काय ठाऊक?" आश्रुबा म्हणला.

"माज्या सासऱ्याचं नाव हाय ते."

"सासऱ्याचं?" आश्रुबा लोकाकडं फिरला. "आमच्या बापाला काय म्हणायचे रे समदे?"

"हवालदार!" लोक वरडले.

"मंग? हवालदार म्हणू नको. ह्याला कोण हवालदार म्हणतंय?"

लोक परत हसले. सरजाबाईचं तोंड बारीक झालं. तिच्याजवळ दुसरं काही सांगायला नव्हतं. खरं सांगून झालं व्हतं, आन खऱ्यावर गाव हसलं व्हतं.

मुंजाजी तिथं उभा राहून त्या समद्या तोंडांकडं बघायलता. त्याला कळत व्हतं की तो बोलला तर पट्टी तिची राहती. आन पट्टी राहिली म्हणजे काय? म्हणजे गावासमोर शाबित झालं की ही बाई ह्याची कुणी न्हाई. आन ते ह्यानंच, ह्याच्याच तोंडानं करायचं. त्यानं घसा खाकरला.

"आश्रुबा. तुज्या बापाचं नाव काय?"

"हवालदार. सांगलं की."

"तुज्या आजीनं पाळण्यात हवालदार म्हणून नाव ठिवलं? पट्टा-टोपीसगट जन्माला आला व्हता का?"

बाया हसल्या. आश्रुबा म्हणला, "हे बघा आबासाहेब, हा..."

"आबासाहेबाला सोड. नाव सांग. तुजी वैनी सून हाय, तिला घेता येत न्हाई. तुला काय झालं? का तुला बी कुणी हळदी-कुंकू लावलंय?"

आता हसू फिरलं. गावाचं काय, हसाय मिळालं म्हणजे झालं, कुणावर का व्हईना. नागनाथ मागून म्हणला, "सांग की बापाचं नाव! ठाऊक न्हाई का?" ह्याच्यापेक्षा वाईट शिवी आमच्याकडं न्हाई. आश्रुबाच्या मानंच्या शिरा फुगल्या.

"मुंजाजी," तो म्हणला, तोंडातल्या तोंडात.

"माज्याशी बोलायलास का बापाचं नाव सांगायलास?"

"मुंजाजी! माज्या बापाचं नाव मुंजाजी!"

मंग एकेका म्हाताऱ्याला आठवाय लागलं. हां, खरंच की, मुंजाजीच व्हतं. हवालदार व्हायच्या आधी मुंजाच म्हणायचो. आता आठवलं त्यांला.

आबासाहेबानं फेटा सारखा केला. "झालं तर. बाई सासऱ्याचं नाव घेत न्हाई, ही तर संस्काराची गोष्ट हाय. पट्टी सरजाबाईची. आन पुन्हा लोकात चर्चा नको म्हणून मी सांगतो, सरजाबाई, नाव घिऊ नको, पर आजपासून ह्याला दादा म्हणत जा. हितंच म्हण, समद्यांदेखत. की मिटलं."

"वा वा," लोक म्हणले. समद्यांला पटलं. नाव बी वाचतंय, अब्रू बी वाचती, पट्टी बी वाचती. येवढा सरळ न्याय आबासाहेबाच्या हातून पहिल्यांदाच झाला व्हता, तो सोताबी चकित झाला.

एक शब्द. फुकटचा. सरजाबाईनं तोंड उघडलं.

मुंजाजीनं त्या टायमाला तिच्याकडं बघितलं न्हाई. तो चावडीच्या कौलाकडं बघायलता. मला कुणी विचारलं तर त्याच्या जिंदगीत तो येवढा कवाच भेला नव्हता. बैल मेला तवा न्हाई, बाप मेला तवा न्हाई. ती दादा म्हणणार, आन मंग ते दादा मरस्तोवर. 'दादा, दोर सोडा.' 'दादा, जेवलात का?'

"म्हण की," आबासाहेब म्हणला.

"न्हाई म्हणणार," सरजाबाई म्हणली.

"का गं?"

"माज्या मायनं मला भाऊ दिला न्हाई. पंचांनी दिलेला मला नको."

"अगं, निस्तं म्हणायचं हाय! जीभ झिजती का?"

"झिजती."

आश्रुबाचं तोंड परत उजळलं. "बघा आबासाहेब! बघा! दादा म्हणाय काय अडचण हाय हिला? कुठल्या सासऱ्याचं नाव दादा व्हतं?"

"मलाच चालणार न्हाई," मुंजाजी म्हणला.

लोक वळले.

"काय चालणार न्हाई?"

"दादा. मला कुणाचं दादा व्हायचं न्हाई. तुमच्या गावातले दादा बघितलेत मी. भाऊबीजेला ताट, आन दुसऱ्या दिवशी बांध कोरायला हजर. नको मला."

"अरे मंग तुला काय व्हायचंय?" आबासाहेब वैतागला. "हवालदार व्हायचंय का?"

मुंजाजीनं कौलावरची नजर खाली आणली. येवढी जिंदगी त्यानं गावाकडं काही मागितलं नव्हतं, तांब्याभर पाणी न्हाई. आन आता मागायचं ते असल्या लोकापुढं, ज्यांला हा शेणाचा पो समजायचा.

"ती म्हणती ते," तो म्हणला.

"काय म्हणती ती?"

"तेच की. माज्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणती ना, 'ते हिरीवर गेलेत, ते जेवायलेत.' ते." त्यानं हात असा झटकला की माशी हाकलावी. "ते व्हायचंय. झालं? आता हसा."

आन गंमत अशी की कुणी हसलंच न्हाई. नर्मदाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. न्हाव्यानं सुदिक नक्कल केली न्हाई. एकटी सरजाबाई म्हणली, "येवढं सांगायला पंचाइत बसवावी लागली व्हय?"

"मी कुठं बसवली? तुज्या दिरानं बसवली."

"पट्टी!" आश्रुबा मधी म्हणला. "आता पट्टी माजी!"

सरजाबाई त्याच्याकडं फिरली. मघाशी बारीक झालेलं तोंड आता परत पहिल्यावानी. "घ्या. पर आत्ता कापूस उभा हाय, तो माज्या हातचा हाय. शेवटचं बोंड मी वेचणार, मंग घ्या. आन बैल माजाच राहणार. कबूल हाय का, चौघात सांगा."

आश्रुबानं कबूल केलं. पुढच्या साली पट्टीत त्यानं पेरलं, आन पाण्याची ओढ बसली. तवा तो बांधावर यिऊन उभा राहायचा, हिरीकडं बघत, आन तोंडानं काही निघायचं न्हाई. 'ए मुंज्या' म्हणावं तर आता समदा गाव हसणार, बापाला हाक मारायलाय म्हणून. मुंजाजी मुद्दाम वळून बघायचा न्हाई. सरजाबाईच एखाद्या दिवशी म्हणायची, "अवो, भावजी आलेत. द्या पाणी." आन हा म्हणायचा, "कोण? हवालदाराचा का?" आन द्यायचा. शिव्या घालत द्यायचा, पर द्यायचा.

सुधरला का मुंजाजी? छे! पारावरून जाताना मान तशीच वर. तिच्या भाकरीला मरस्तोवर चामडं म्हणला, आन ती त्याच्या वळीला साप. दोघं दिवसभर भांडायची. ओढ्याच्या अल्याड आवाज यायचा, आन लोक म्हणायचे, आज ठीक हाय तिकडं.

राहिली एक गोष्ट. पाट. इधवेचं दुसरं लगीन आमच्यात रातीचं लावायचे. गावाबाहेर, अंधारात, चोरावानी. आन दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईचं तोंड कुणी बघायचं न्हाई, अपशकुन म्हणून. आबासाहेबानं निरोप धाडला, अमुक राती या. मुंजाजीनं निरोप घिऊन आलेल्यालाच हाणायचं बाकी ठिवलं. म्हणला, "मी काय कोंबडी चोरायलोय का, रातीचं यायला? भर दुपारी लावायचा असंल तर येतो. न्हाईतर ऱ्हावा तुमी अंधारात." दुपारी लावायला कुणी तयार झालं न्हाई. तर पाट राहिला तो राहिलाच. दोघं तशीच राहिली, त्याच आखाड्यात, एका चुलीवर.

आता दोघंबी न्हाईत. पर आमच्या गावचे लोक, मी सांगलंच की कसले हायेत, आजून विचारत्यात. आश्रुबाचे नातू तर मुद्दाम विचारत्यात, 'आमच्या आजीचा पाट लागला व्हता का हो त्या मुंज्याशी?' तुमी आता त्याच रस्त्यानं जाणार. यष्टीत, न्हाईतर फाट्यावर चहाच्या टपरीवर, तुमालाबी कुणीतरी विचारंलच. तवा माज्यासाठी येवढं खोटं बोला. म्हणा, लागला व्हता. भर दुपारी, चावडीपुढं, आन अक्षता मी सोता टाकल्या.